आधी उंबर, मग पडदा

मुलांना निसर्ग पडद्यावर दाखवावा की नाही, या वादात आता दम उरलेला नाही. दाखवला जातोच आहे. स्मार्ट बोर्डवर जंगल चालतं, टॅबवर समुद्राचा तळ दिसतो, आणि ज्या शाळांना परवडतं तिथे पोरं डोळ्यांवर हेडसेट चढवून अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात माना वर करून बसतात. ‘व्हर्च्युअल निसर्गसहल’ हे शब्द शाळांच्या माहितीपत्रकांत पोहण्याचा तलाव आणि सीसीटीव्हीच्या रांगेत जाऊन बसलेत.

खरं तर या विषयात पडदा आजचा नाही. पर्यावरण आपल्या शाळांत सक्तीचं झालं ते सर्वोच्च न्यायालयामुळे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने जो आदेश दिला, त्यात शाळा-कॉलेजांतून पर्यावरण शिकवा असं तर होतंच. पण चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या किमान दोन स्लाइड फुकट दाखवाव्यात, दूरदर्शन आणि आकाशवाणीने रोज काही मिनिटं या विषयाला द्यावीत, असंही बजावलं होतं. म्हणजे सक्तीचं पर्यावरण-शिक्षण आणि पडदा यांचा जन्म एकाच कागदावरचा. पुढे काय झालं ते आपण सगळे जाणतो. अकरावी-बारावीला पर्यावरणाचं जर्नल आलं आणि ते मागच्या वर्षीच्या ताईच्या वहीवरून उतरवलं गेलं. खालच्या वर्गांत प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून पक्ष्यांचा तक्ता आणायचा, कात्रीने कापायचा, डिंकाने चिकटवायचा. त्या तक्त्यात शहामृग आणि पेंग्विन हमखास. मधल्या सुट्टीत डब्यातल्या पोळीवर नजर ठेवून खिडकीच्या गजावर बसणारी साळुंकी असली तर असली. हेडसेट हा त्या तक्त्याचाच नातू आहे. रूप देखणं, वळण मात्र घराण्याचं.

तरी एक फरक पडलाय, आणि मला लिहायला बसवलं ते त्या फरकाने. स्लाइड काय, तक्ता काय, कुणी त्यांना ‘सहल’ म्हटलं नव्हतं. ती पुरवणी होती, आणि पुरवणी आहे हे लावणाऱ्यालाही ठाऊक होतं. आता पडदा बाहेर जाण्याच्या बदल्यात येतो. वर्षभराच्या नियोजनात ‘क्षेत्रभेट’ असा रकाना असतो, त्यात व्हर्च्युअल भेटीची तारीख पडते, दोन फोटो चिकटतात आणि रकाना भरतो. माझं म्हणणं एवढंच आहे: चालत जाऊन जे दिसतं ते पडद्यावर दाखवू नये, आणि जे पडद्यावर दाखवायचं, त्याचा प्रश्न मुलाला आधी बाहेर पडलेला असावा.

उंबराचं उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रात उंबर नाही असं गाव शोधावं लागेल. ओढ्याकाठी, विहिरीजवळ, दत्ताच्या देवळापाशी, नाहीतर थेट म्युनिसिपालटीच्या गटाराच्या कडेला तो उभा असतो. फळं खोडालाच लगडतात, पिकली की खाली सडा पडतो, चपलांना चिकटतात, आंबूस वास सुटतो. एखादं पिकलं उंबर उचलून अंगठ्यांनी मधोमध फोडलं की आतून बारीक काळसर माश्यांसारखं काहीतरी भुरकन उडतं. ‘उंबर फोडून केंबरं काढणं’ ही म्हण पोरांच्या आज्यांना पाठ असते. पोरं आधी “ईऽऽ” करतात, मग लगेच दुसरं फळ फोडतात. मग तिसरं. आणि मग प्रश्न सुरू होतात. हे आत गेले कुठून? फळाला तर भोक दिसत नाही. कच्चं फोडलं तर त्यात का नाहीत? आपण खाल्लं तर पोटात जातील का? गोड लागतं ते फळ, की हे किडे?

या प्रश्नांची उत्तरं उघड्या डोळ्यांना मिळणारी नाहीत. आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो ती आत वळलेली, शेकडो इवल्या फुलांनी भरलेली पिशवी असते. टोकाशी एक चिंचोळी वाट असते. दुसऱ्या उंबरातून आलेली गांधीलमाशीच्या जातीतली चिमुकली मादी तिच्यातून घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. अंगावरचा पराग ती आतल्या फुलांवर सांडते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे अंड्यांतून जे नर निघतात त्यांना पंखच नसतात. माद्यांशी मीलन करायचं, त्यांना बाहेर पडायला भिंत पोखरून वाट करून द्यायची, आणि उंबरातच संपायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. पराग अंगावर घेतलेल्या माद्या त्या वाटेने निघतात आणि एक-दोन दिवसांत दुसरं उंबर गाठतात, नाहीतर मरतात. ही सगळी घडामोड सूक्ष्मदर्शकातून चित्रित केलेली आहे आणि ती पडद्यावर बघणं ही मेजवानी आहे. इथे पडद्याला तोड नाही. कितीही निसर्गप्रेमी शिक्षक असला तरी वर्गातल्या पन्नास पोरांना ती मादी आत शिरताना दाखवू शकणार नाही.

पण हीच फिल्म उंबर न फोडलेल्या वर्गाला दाखवा. ती अर्ध्या तासाची आणखी एक फिल्म होते. बघितली, छान होती, पुढे काय? ज्याच्या बोटांना चीक लागलाय आणि ज्याच्या नाकावरून ते केंबरं उडालंय, तो त्या फिल्मकडे उत्तर वसूल करायला आलेला असतो. क्रम बदलला की धडाच बदलतो. व्हर्च्युअल शिक्षणाचे विक्रेते आणि त्याचे कट्टर विरोधक, दोघेही या क्रमाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. एकाला विकायचंय, दुसऱ्याला हळहळायचंय.

पडद्यावरचा निसर्ग निवडून घेतलेला असतो, हे मोठ्यांना कळतं. मुलांना ते कुणी सांगत नाही. कॅमेरावाला तीन आठवडे मचाणावर बसला, त्यातली ४० सेकंदं आपल्यापर्यंत पोहोचली. वाघ येतो तो झेप घ्यायलाच येतो. फूल उमलतं ते पाच सेकंदांत. पार्श्वसंगीत वाजायला लागलं की काहीतरी होणार हे ठरलेलं. अशा निसर्गावर वाढलेलं मूल टेकडीवर नेलं की दहाव्या मिनिटाला म्हणतं, “इथे काहीच नाहीये.” त्याचं चुकत नाही. ते ज्या मापाने निसर्ग मोजायला शिकलंय त्या मापाने पुण्याची वेताळ टेकडी फेब्रुवारीत खरोखरच रिकामी असते: वाळलेलं गवत, उन्हात तापलेला कातळ, कुठे तरी एक पांगारा. त्या पांगाऱ्याखाली पंधरा मिनिटं गप्प बसलं तर मैना, बुलबुल, शिंजीर, कोतवाल अशी रांग लागते. पण ती पंधरा मिनिटं फिल्ममधून कापून टाकलेली असतात. व्हर्च्युअल निसर्गात नेमकी वाट बघणं ही एक गोष्ट नसते, आणि वाट बघता येणं हीच तर निसर्गाकडून मिळणारी पहिली विद्या.

आमच्या इमारतीत चौथीतली एक मुलगी राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने पक्ष्यांचं ऑनलाइन शिबिर केलं. शिबिर बरं होतं, घेणारी ताई तळमळीने बोलत होती. शेवटच्या चाचणीत या पोरीने तांबट पक्षी चित्रावरून ओळखला, त्याची हाक ओळखली, पैकीच्या पैकी गुण मिळवले. आमच्या मागच्या अंगणात वठलेल्या शेवग्यावर तांबटाची जोडी आहे. उन्हं चढली की टुक-टुक-टुक सुरू होतं ते थांबत नाही. मी तिला जिन्यात विचारलं, “हा रोज आवाज येतो ना, कशाचा गं?” ती म्हणाली, “काका, कुठेतरी काम चालू असतं ना ते.” तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा आवाज म्हणूनच त्याला तांबट म्हणतात, तेव्हा तिचं उत्तर पक्ष्याचं बारसं करणाऱ्यांच्या फारसं लांब नव्हतं. पण हेडफोनमधला तांबट आणि शेवग्यावरचा तांबट तिच्या लेखी दोन वेगळी प्रकरणं होती. दोघांची गाठ घालून द्यायला खिडकीपर्यंत जाणं पुरेसं होतं, आणि शिबिराच्या वेळापत्रकात खिडकी नव्हती.

एका मुलीवरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य. तर केंब्रिजच्या संशोधकांनी २००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलेली एक पाहणी बघा. ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळेच्या मुलांना त्यांनी दोन प्रकारची चित्रांची कार्डं दाखवली: काहींवर तिथले नेहमीचे प्राणी-वनस्पती, काहींवर पोकेमॉन या खेळातले काल्पनिक प्राणी. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉन सुमारे ८० टक्के ओळखले, खऱ्या जिवांपैकी जेमतेम निम्मे. यावरून लोक मुलांच्या नावाने बोटं मोडतात. मला त्यात उलटं दिसतं. मुलांची नावं लक्षात ठेवण्याची, बारकावे हेरण्याची ताकद केवढी दांडगी आहे! शेकडो काल्पनिक प्राणी, त्यांच्या कुळ्या, त्यांची रूपांतरं पोरांना तोंडपाठ. ती भूक जे वारंवार हाताशी येतं त्यावर भागते. साळुंकी, होला, बुलबुल, खार, सरडा, मुंगूस यांना त्यांच्या हाताशी येऊ द्यायचं की नाही, हा निर्णय मोठ्यांचा.

करोनाच्या काळाचा हिशेब इथे करायलाच हवा, कारण व्हर्च्युअल निसर्गशिक्षणाचं पेव तेव्हा फुटलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मुंबईसारख्या शहरात प्राथमिकचे वर्ग जवळपास पावणेदोन वर्षं उघडले नाहीत. त्या दिवसांत ज्यांनी पडद्यावरून का होईना पक्षी, फुलपाखरं, झाडं मुलांपर्यंत नेली त्यांचे उपकार मानावेत. पण त्यातली विसंगती आजही बोलली जात नाही. बंद खोलीपेक्षा उघड्यावर संसर्गाचा धोका कमी, हे काही महिन्यांतच डॉक्टर सांगायला लागले होते. क्षयाच्या भीतीच्या काळात बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग इथे १९०४ साली अशक्त मुलांसाठी पाइनच्या जंगलात शाळा भरवली गेली, आणि मग युरोप-अमेरिकेत उघड्यावरच्या शाळांची लाट आली. शंभर वर्षांनी तशीच वेळ आली तेव्हा आपण नेमकं उलट केलं: मैदानं, बागा, टेकड्या यांना कुलपं लावली आणि पोरांना खोलीत बसवून पडद्यावर बाग दाखवली. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले आणि रस्त्यालाच वर्ग केलं. तसं डोकं सर्वत्र चाललं असतं तर! आपद्धर्म म्हणून पडदा पत्करला हे ठीक. आपत्ती सरल्यावर तो धर्म होऊन बसला, तक्रार त्याची आहे.

पडद्याचे गुण गाताना मी हात आखडता घेणार नाही. काही जागा अशा आहेत जिथे मुलांना न नेणं हेच निसर्गशिक्षण. कासच्या पठारावर ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलांचा बहर असतो. २०१२ साली ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं, आणि तेव्हापासून गर्दी आवरता आवरता नाकी नऊ आलेत. एका दिवसात किती माणसांना सोडायचं याचा आकडा ठरवून द्यावा लागला. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गाड्यांच्या रांगा लागतात, आणि गाड्यांचे दिवे काजव्यांच्या प्रकाशाची भाषा बुडवून टाकतात. तिथे आणखी चार बसगाड्या भरून शाळा नेणं म्हणजे बघायला गेलो आणि मोडून आलो. काजवे पडद्यावर बघा. कारवी या रानझुडपाचं तर वेळापत्रकच शाळेला न जुळणारं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २०१६ ला फुलली, मग थेट २०२४ ला. पहिलीत चुकली की नववीत गाठ. मधल्या मुलांना ती चित्रफितीतूनच भेटणार.

आणि वेळासची गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे किनाऱ्यावरचं गाव. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी तिथे पूर्वी पळवली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. २५ जानेवारी २०२२ ला वेळासच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा. मग सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी अशा आणखी माद्यांना यंत्रं लागली, आणि पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री पार श्रीलंकेपर्यंत गेली. आता हे कुणाला डोळ्यांनी दिसणार होतं? किनाऱ्यावर उभं राहिलं तर लाट कासवाला पोटात घेते आणि गोष्ट संपते. संपली असं वाटतं तिथून ती नकाशावर सुरू झाली. ज्या पोराने पहाटे उठून, घरट्यावर झाकलेल्या टोपलीखालून निघालेली पिल्लं समुद्राकडे पाय ओढत जाताना पाहिली, त्याच्यासाठी त्या नकाशावरचा ठिपका म्हणजे गावातली लेक सासरी कुठवर पोहोचली याची खबर. ठिपका एकच, पण वेळासच्या पोराला आणि ज्याने समुद्रच पाहिला नाही अशा पोराला तो सारखा दिसणार नाही. त्या दुसऱ्या पोराकडे मी शेवटी येतो.

जी मुलं अंथरुणाला खिळलेली आहेत, ज्यांची चाकाची खुर्ची टेकडीच्या पायथ्याशी अडते, त्यांच्यासाठी हेडसेट ही चैन नव्हे. त्याबद्दल वाद नको. त्यांचा दाखला देऊन धडधाकट मुलांच्या शाळेचं फाटक बंद ठेवू नये, एवढंच. आणि टेकडीच्या पायथ्याला उतार बांधला तर त्यातल्या कित्येकांना हेडसेट लागणारही नाही.

‘समान संधी’ हा व्हर्च्युअलवाल्यांचा हुकमाचा पत्ता. गरीब मुलाला आफ्रिकेचं गवताळ रान कोण दाखवणार, असं ते विचारतात. प्रश्न बरा आहे, पण त्यात एक गृहीत दडलंय: गरीब मुलाकडे निसर्ग नाही, तो आपण त्याला नेऊन द्यायचा. गडचिरोलीतलं पोर मार्च-एप्रिलच्या पहाटे आईबरोबर मोहाची फुलं वेचतं. कोणत्या झाडाची फुलं आधी गळतात, अस्वल कोणत्या बाजूने येतं, हे त्याला कळतं. बीडकडच्या ऊसतोड कामगारांची मुलं सहा महिने उसाच्या फडात काढतात. बिबट्याची पिल्लं फडात सापडल्याची बातमी आपण पेपरात वाचतो, ही मुलं त्याच फडाच्या कडेला झोपतात. मला त्यांच्या हलाखीचे गोडवे गायचे नाहीत. पण अशा मुलाला शाळेत आणून अंधाऱ्या खोलीत ‘जंगल अनुभव’ द्यायचा, आणि त्याला जे येतं ते कुठल्याच चाचणीत विचारायचं नाही, याला समान संधी म्हणता येत नाही.

याचं उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी शोधलं होतं. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखत होती. तेव्हा या दोघींनी गुरं राखणाऱ्या मुलांपाशी शाळा नेली. शिक्षक कुरणात जायचा, गुरं चरत असायची आणि तिथेच शिकवणं व्हायचं. ती कुरणशाळा. मोजायला परदेशी मण्यांऐवजी तिथल्याच बिया, शंख-शिंपले, खडे. मुलाला जे माहीत आहे त्याला शाळेने आधी मान द्यायचा आणि तिथून पुढे न्यायचं, ही रीत आजही कुणी ‘नवोपक्रम’ म्हणून स्पर्धेला पाठवली तर बक्षीस मिळेल. यंत्र काहीच नव्हतं. शिक्षक बाहेर पडला होता, इतकंच.

आज तो का पडत नाही? आळस म्हणून मोकळं होणं अन्याय होईल. भीती आहे, आणि ती पोकळ नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींवर अटींचा पाऊस पडला. परवानगी, हमीपत्र, जोखमीच्या ठिकाणांना बंदी. समुद्र, धरण, कडा यांबाबत कडकपणा हवाच होता. पण भीतीला अंतर कळत नाही. मुरूडच्या समुद्राची भीती शाळेमागच्या ओढ्यापर्यंत येते आणि मग कोपऱ्यावरच्या वडापर्यंतही. मुख्याध्यापक म्हणतात, पोराच्या पायात काटा गेला तरी उत्तर मी द्यायचं. त्यापेक्षा बोर्ड लावा. पालकही त्यातले. मुलाला चिखल लागला की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर फोटो. त्यात गुरुजी मतदारयाद्यांचे बीएलओ, गुरुजी पोषण आहाराचे हिशेबनीस, गुरुजीच ऑनलाइन माहिती भरणारे. त्यांना एक लिंक मिळाली आणि चाळीस मिनिटं पोरं गप्प बसली तर मी त्यांना दोष देणार नाही. दोष द्यायचा तर ज्यांनी बाहेरचा तास अवघड आणि आतला तास सोपा करून ठेवलाय त्यांना.

बाहेरच्या तासाचा एक फायदा तर निसर्गाशी संबंधच नसलेला आहे. लहान मुलांचे चष्मे वाढताहेत हे कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरला विचारा. तैवानने २०१० साली शाळांना सांगितलं की मुलं रोज १२० मिनिटं उघड्यावर असली पाहिजेत. तोवर दरवर्षी चढत गेलेलं अधू नजरेच्या मुलांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत खाली आलं. कारण मुख्यतः उजेड. झाडाच्या सावलीतही वर्गातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजेड असतो. हेडसेटमध्ये भर दुपारचं जंगल दिसलं तरी डोळ्याला तो उजेड मिळत नाही.

पडद्याचे काही प्रकार मुलांना दाराबाहेर ढकलतात, ते मला मनापासून आवडतात. सीझनवॉच हा उपक्रम त्यातला. शाळेने एक झाड निवडायचं, दर आठवड्याला त्याच झाडापाशी जायचं, कोवळी पानं किती, कळ्या किती, फुलं, फळं किती, नोंदवायचं आणि ते संगणकावर भरायचं. यात केरळच्या शाळा फार पुढे आहेत. तिथे बहावा हे राज्यफूल आणि विशूच्या सणाला ते लागतंच, त्यामुळे तो विशूच्या आधी फुलला, अवेळी फुलला, याची नोंद मुलांच्या वह्यांत होते. हवामानाच्या अभ्यासकांना ती उपयोगी पडते. बहावा आपल्याकडेही एप्रिल-मेमध्ये रस्तोरस्ती लोंबत असतो. ताम्हण आपलं राज्यफूल, तेही त्याच सुमारास. किती शाळांकडे त्यांच्या दारच्या ताम्हणाची पाच वर्षांची नोंद निघेल? उलट जे पडदे बाहेर जाण्याची गरजच संपवतात ते फार टिकतही नाहीत. गूगलने २०१५ मध्ये शाळांसाठी व्हर्च्युअल सहलींचं अ‍ॅप मोठ्या थाटात आणलं, पुठ्ठ्याच्या चष्म्यांसकट. जून २०२१ मध्ये ते बंद केलं. चष्मे कपाटात गेले. वड होता तिथेच आहे, जर रस्ता रुंदीकरणात गेला नसेल तर.

मागणी एकच करायची तर ती परिपत्रकातल्या एका व्याख्येची करीन. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरातल्या, शालेय वेळेतल्या तासाला ‘सहल’ समजू नये. तो परिसर अभ्यासाचा तास, प्रयोगशाळेत जावं तसा. त्याला वेगळं हमीपत्र नाही, वरच्या कार्यालयाची परवानगी नाही. आठवड्याला असा एक तास वेळापत्रकात छापलेला असावा, आणि तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी स्मार्ट बोर्ड चालतो का हे विचारण्याआधी पोरांना विचारावं की तुमच्या झाडाला सध्या काय चाललंय. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीला दहा दप्तराविना दिवस दिलेत, राज्यात आनंददायी शनिवार आलाय. जागा शोधली तर आहे. वर्ग मोठा असेल तर मदतीला गावातला माळी, कोळी, मेंढपाळ, निवृत्त वनरक्षक बोलवा. पन्नास पोरांना एकट्या बाईंच्या हवाली करून हे होणार नाही, हेही खरं.

मुंबईत झाड कुठे आहे, असं विचारणाऱ्यांनी आपल्या शाळेची मागची भिंत बघून यावी. पाइपाच्या सांध्यात पिंपळ उगवलेला असतोच. तो तिथे कसा पोहोचला, या प्रश्नावर चौथीचा वर्ग महिनाभर चालेल. वर्ग कावळ्याच्या विष्ठेपर्यंत पोहोचला की त्याला सुट्टीही नको होईल.

आता त्या समुद्र न पाहिलेल्या पोराकडे येतो. त्याला समुद्र दाखवायचाच आहे, पण तयार पॅकेजमधला कशाला? वेळासच्या शाळेतल्या पोरांनी तो गडचिरोलीच्या शाळेला व्हिडिओ कॉलवर दाखवावा: ही टोपली, हे पिल्लू, हा कुत्रा लांब ठेवायला आमचा पहारा असा असतो. आणि गडचिरोलीच्या पोरांनी मोहाखालची पहाट वेळासला दाखवावी, वेचायचं कसं, सुकवायचं कसं, अस्वल आलं तर काय करायचं. दोन्हीकडे दाखवणारी मुलंच, आणि दोघेही आपापल्या जागेचे पक्के जाणकार. एकमेकांना प्रश्न विचारून भंडावून सोडतील. या सहलीला हेडसेट लागत नाही. इंटरनेट मात्र धड हवं, गडचिरोलीत तर हवंच हवं. पिल्लं निघण्याचे आणि मोह गळण्याचे दिवस मार्चमध्ये गाठ घालतात. वार्षिक परीक्षांच्या आधी बसवता येईल.